स्क्रॅचचा प्रोजेक्ट दुसऱ्यांच्या फोन-लॅपटॉपवर चालवायचाय? एचटीएमएल, ईएक्सई, व्हिडिओ कसं काढायचं ते सगळं

स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पोराने किंवा पोरीने गेम बनवला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, हा आता मामाला कसा पाठवायचा, आजोबांच्या फोनवर कसा चालवायचा, शाळेत प्रोजेक्ट म्हणून कसा द्यायचा. मग फाइल मेनूत जाऊन 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर' केलं जातं, जी काही फाइल येते ती व्हॉट्सॲपवर जाते आणि समोरून उत्तर येतं, अरे हे उघडतच नाहीये. पालक आणि शिक्षक दोघंही मला हेच विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय, थोडं लांबेल पण वाचा, कारण यात वाया जाणारा वेळ खरंच वाचवता येतो.

आधी फाइल म्हणजे काय ते बघू. स्क्रॅच ३ आलं जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हापासून प्रोजेक्ट एसबी३ फाइलमध्ये सेव्ह होतो. त्याआधीच्या स्क्रॅच २ची फाइल एसबी२, आणि अगदी जुन्या १.४ची नुसती एसबी. ही एसबी३ फाइल पाठवणं म्हणजे जेवायला बोलावून शिधा हातात देण्यासारखं आहे, चूल समोरच्याने पेटवायची. ज्याच्याकडे स्क्रॅच आहे तो उघडेल, बाकीच्यांच्या काही कामाची नाही.

एकदा ती आतून बघाच, मुलांनाही दाखवा. फाइलची कॉपी करा, कॉपीच्या नावातलं शेवटचं एसबी३ काढून तिथे झिप लिहा (विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा), आणि उघडा. आत एक 'प्रोजेक्ट' नावाची जेसन (साध्या मजकुराची) फाइल दिसेल, त्यात सगळे ब्लॉक, व्हेरिएबल, स्प्राईटच्या (स्टेजवरच्या पात्रांच्या) जागा लिहिलेल्या असतात, आणि बाकी चित्रं आणि आवाज, एसव्हीजी, पीएनजी, वेव्ह वगैरे, ज्यांची नावं म्हणजे ३२ अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे त्या फाइलच्या मजकुरावरून काढलेला एमडी५ हॅश, फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, त्यामुळे तेच चित्र पाच स्प्राईटना लावलं तरी आत एकदाच साठतं. म्हणजे एसबी३ ही साधी झिप फाइल आहे, जादू काही नाही, आणि म्हणूनच तिच्यापासून दुसरे फॉरमॅट बनवणं शक्य होतं.

आता एक गोष्ट आधीच ठरवा, प्रोजेक्ट बघणार कोण आणि कशावर. मोबाईलवर नातेवाईक बघणार असतील तर लिंक, शाळेच्या लॅबमध्ये नेट नसेल तर एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान), विंडोजवर 'खऱ्या सॉफ्टवेअरसारखं' हवं असेल तर ईएक्सई (विंडोजचा प्रोग्राम), नुसतं दाखवायचं असेल, खेळायचं नसेल, तर व्हिडिओ. लोक थेट ईएक्सई आणि एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) यांच्या मागे लागतात कारण ते भारी वाटतं, पण माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या नऊ वेळा एचटीएमएलमध्ये काम होतं.

आणि काहीही करण्याआधी मूळ एसबी३ दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक गूगल ड्राइव्हवर. पुढे जे जे बनवू त्यात बदल करायचा झाला की परत एसबी३ उघडूनच करायचाय. पॅक केलेल्या फाइलमधून एसबी३ परत काढणारी टूल्स आहेत, पण त्यावर विसंबून राहू नका. हाच मुद्दा उलट बाजूनेही लक्षात ठेवा, तुम्ही एचटीएमएल किंवा ईएक्सई बनवली म्हणून आतलं लपलं असं होत नाही, ज्याला काढायचंय तो काढतो, तेव्हा प्रोजेक्टमध्ये पोराचं पूर्ण नाव, शाळा, फोन नंबर, पासवर्ड असलं काही टाकलेलं असेल तर आधी काढून टाका. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या न वापरलेल्या साऊंड क्लिप पण बघा, त्या साऊंड टॅबमध्ये पडून असतात आणि सोबत जातात.

जुन्या फाइल असतील तर त्या स्क्रॅच ३मध्ये 'लोड फ्रॉम युवर कॉम्प्युटर' करून उघडा आणि परत सेव्ह करा, एसबी३ होऊन जाईल. उलटं होत नाही, म्हणजे एसबी३ जुन्या स्क्रॅच २मध्ये उघडणार नाही, आणि बऱ्याच शाळांच्या लॅबमध्ये अजून जुनं व्हर्जन टाकलेलं असतं, प्रदर्शनाच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात विचारून घ्या.

एचटीएमएल: इथूनच सुरुवात करा

स्क्रॅचमध्ये स्वतःहून एचटीएमएल किंवा ईएक्सई काढायची सोय नाहीये, त्यामुळे बाहेरचं टूल लागतं. पूर्वी एचटीएमएलिफायर वगैरे वापरायचे, आता सगळ्यात भरवशाचं म्हणजे टर्बोवॉर्प पॅकेजर. टर्बोवॉर्प हे स्क्रॅच फाउंडेशनचं नाही, वेगळ्या लोकांनी बनवलेलं आहे, ओपन सोर्स आहे, फुकट आहे. पत्ता पॅकेजर डॉट टर्बोवॉर्प डॉट ऑर्ग. पॅकिंगचं सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, तुमची फाइल कुठल्या सर्व्हरवर चढवली जात नाही, लहान मुलांच्या कामासाठी हे मला महत्त्वाचं वाटतं.

साइट उघडली की प्रोजेक्ट आयडी किंवा फाइल असे पर्याय येतात. आयडी म्हणजे स्क्रॅचच्या लिंकमधला तो मोठा नंबर, पण तो चालतो फक्त शेअर केलेल्या प्रोजेक्टसाठी, शेअर नसेल तर लोड होणार नाही, म्हणून मी सरळ फाइल निवडा म्हणेन. एसबी३ द्या, 'लोड प्रोजेक्ट' दाबा, खाली भलीमोठी सेटिंगची यादी येईल. घाबरू नका, त्यातल्या मोजक्याच बघायच्या.

फ्रेमरेट ३०च ठेवा. ६० केलं की गेम मऊ दिसेल असं वाटतं पण स्क्रॅचमध्ये 'फॉरेव्हर' लूप फ्रेमप्रमाणे फिरतो, त्यामुळे 'मूव्ह १०' सेकंदाला ३० वेळा व्हायचं ते ६० वेळा होतं आणि आख्खा गेम दुप्पट वेगाने पळतो, पोरगं म्हणतं माझा गेम बिघडला. मऊपणा हवा असेल तर 'इंटरपोलेशन' चालू करा, त्यात वेग तोच राहतो आणि मधल्या फ्रेम भरल्या जातात.

दुसरं असं की टर्बोवॉर्प प्रोजेक्टला जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या भाषेत, बदलून घेतं म्हणून ते साध्या स्क्रॅचपेक्षा बरंच वेगवान आहे. जड प्रोजेक्ट, पेनने भरपूर रेषा काढणारे, शेकडो क्लोन (स्प्राईटच्या चालू गेममधल्या नकला) असणारे, यांना फायदाच होतो. पण एखाद्या स्लो लॅपटॉपवर अडखळत चालणाऱ्या गेमला 'बरोबर वेग' समजून आकडे बसवले असतील तर पॅक केल्यावर तो सुसाट सुटेल, तेव्हा आकडे परत जुळवायला लागतात.

क्लोनची मर्यादा ३०० असते, ती काढायचा पर्याय आहे, पण गेम मुळात ३००च्या आत नीट चालत असेल तर हात लावू नका. कंट्रोलमध्ये हिरवा झेंडा, थांबवायचं लाल बटण, फुलस्क्रीन ही बटणं दाखवायची की नाही ते ठरवता येतं. झेंडा दिसू द्या असं मी म्हणेन, गेम संपल्यावर परत सुरू करायला आजी-आजोबांना तोच सोपा पडतो. गेमचं नाव मराठीत टाकायला हरकत नाही, वर टॅबमध्ये छान दिसतं, मात्र फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा.

मग एन्व्हायर्नमेंटमध्ये 'प्लेन एचटीएमएल' निवडा. त्याच्या खालचाच झिपचा पर्याय वेबसाइटसाठी आहे, तो अनझिप करून डबलक्लिक केला तर नुसती लोडिंगची स्क्रीन किंवा एरर दिसेल, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी डिस्कवरच्या पानाला शेजारच्या फाइल वाचू देत नाही. प्लेन एचटीएमएलमध्ये चित्रं, आवाज, प्लेअर सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलेलं असतं, ती पेनड्राइव्हवर घ्या, नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर डबलक्लिक करा, क्रोम-फायरफॉक्स-एज कशातही चालेल. आधी 'प्रिव्ह्यू' दाबून एकदा पूर्ण खेळून बघा, मग 'पॅकेज'.

काय चालणार नाही ते पण सांगतो. क्लाऊड व्हेरिएबल, म्हणजे सगळ्यांचा मिळून हायस्कोअर, तो तसाच्या तसा मिळत नाही, एकाच कॉम्प्युटरपुरता साठवून ठेवायचा पर्याय आहे तो घ्या. 'युजरनेम' ब्लॉकमध्ये स्क्रॅचचं नाव येणार नाही. ट्रान्सलेट आणि टेक्स्ट टू स्पीच हे एक्स्टेन्शन स्क्रॅचच्या सर्व्हरला विचारून चालतात, म्हणजे नेट नसेल तर गप्प. लॅबमध्ये ऑफलाइन दाखवायचं असेल तर बोललेली वाक्यं आधीच रेकॉर्ड करून साऊंड म्हणून टाका.

फाइल फार मोठी झाली तर आवाज तपासा, चित्रांमुळे क्वचित होतं. स्टीरिओ वेव्ह एका मिनिटाला साधारण १० एमबी खाते, तेच गाणं १२८ केबीपीएस एमपी३ केलं की एका मिनिटाला १ एमबीच्या आत बसतं. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये एमपी३ करून परत अपलोड करा आणि जुना साऊंड डिलीट करा, डिलीट करायला विसरलात तर काहीच कमी होणार नाही.

मराठी अक्षरांचं बघा

हे मी वेगळं लिहितोय कारण आपल्याच प्रोजेक्टमध्ये हा घोळ होतो आणि इंग्रजी ट्युटोरियलवाले हे सांगत नाहीत. स्क्रॅचच्या पेंट एडिटरमध्ये टेक्स्ट टूलला सॅन्स सेरिफ, सेरिफ, हँडरायटिंग, मार्कर, कर्ली, पिक्सेल असे फॉन्ट आहेत, चिनी, जपानी, कोरियनची सोय आहे, देवनागरीची नाही. तरी आपण 'गेम सुरू करा' टाइप केलं की दिसतं, ते कसं काय? तर तुमचा कॉम्प्युटर स्वतःकडचा देवनागरी फॉन्ट तिथे वापरतो. विंडोजवर बहुतेक निर्मला, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी, ॲपलवर कोहिनूर. प्रत्येकाची रुंदी वेगळी, उंची वेगळी. मग तुमच्याकडे बटणात मस्त बसलेलं 'पुन्हा प्रयत्न करा' मामाच्या फोनवर बटणाच्या बाहेर लोंबतं, किंवा वरची वेलांटी कापली जाते.

यावर उपाय तीन. सगळ्यात सोपा, त्या कॉस्च्यूमची (स्प्राईटच्या चित्राची) डुप्लिकेट करून ठेवा (पुढे स्पेलिंग सुधारायला लागेल) आणि मग 'कन्व्हर्ट टू बिटमॅप' दाबा. अक्षरांचं चित्र झालं, आता ते कुठेही तसंच दिसणार. फक्त आधी साइझ बरोबर करून घ्या, बिटमॅप नंतर मोठं केलं की कडा फाटतात.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात मराठी मजकूर टाइप करा, आवडीचा फॉन्ट लावा, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि लहान मुलांच्या गेमला फार शोभतात, मग मजकूर सिलेक्ट करून पाथ मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा आणि प्लेन एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. अक्षरं आता अक्षरं राहिली नाहीत, रेषा झाल्या, 'क्ष', 'त्र', 'र्‍या' सगळी जोडाक्षरं जशीच्या तशी. ही एसव्हीजी स्क्रॅचमध्ये 'अपलोड कॉस्च्यूम'ने घ्या, कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ.

तिसरा, टर्बोवॉर्पचा स्क्रॅचसारखाच स्वतःचा एडिटर आहे, त्यात फॉन्टच्या मेनूत स्वतःची फॉन्ट फाइल जोडता येते. चांगली सोय आहे, पण तो प्रोजेक्ट परत साध्या स्क्रॅचमध्ये उघडणार असाल तर तिथे तो फॉन्ट मिळणार नाही, म्हणून शाळेच्या कामाला वरचे दोनच वापरा.

'से' ब्लॉकचा फुगा, स्कोअरच्या चौकटीतलं नाव, 'आस्क'चा प्रश्न हे सगळं चालू गेममध्ये समोरच्याच्या फॉन्टने उमटतं, तिथे हे उपाय लागू पडत नाहीत. तिथे आजूबाजूला जागा जरा जास्त सोडा, एवढंच हातात आहे.

पाठवताना काय होतं

एचटीएमएल फाइल बनली, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेबवरून डाउनलोड करून उघडली तर उत्तम चालते. फोनवर मात्र नेहमीचा संवाद असा,

'आत्या, उघडला का गं गेम?'
'अरे नुसतं पांढरं पान दिसतंय, मध्येच इंग्रजीत काहीतरी आलं आणि गेलं.'

आत्याचं काही चुकलेलं नसतं. काही फोनवर ती फाइल साध्या 'एचटीएमएल व्ह्यूअर'मध्ये उघडते, ज्यात जावास्क्रिप्ट चालतच नाही, आणि गेम म्हणजे सगळं जावास्क्रिप्टच. 'ओपन विथ' करून क्रोम निवडायला सांगा, बऱ्याचदा चालतं. आयफोनवर तर फाइलच्या भानगडीत पडूच नका, लिंक द्या.

गूगल ड्राइव्हवर एचटीएमएल टाकून तिची लिंक दिली तर ड्राइव्ह ती चालवत नाही, आतला कोड दाखवतं किंवा डाउनलोड करा म्हणतं. गूगल क्लासरूममध्ये जोडलं तरी तेच, कारण मागे ड्राइव्हच आहे, मास्तरांना कोडचा ढीग दिसतो आणि त्यांना वाटतं काहीतरी चुकीचं सबमिट केलंय. म्हणून सोबत एक ओळ लिहा, 'डाउनलोड करून क्रोममध्ये उघडा'. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी, आणि ईएक्सई तर जीमेल घेतच नाही, झिप करून दिली तरी आत डोकावून अडवतं.

लिंक कशी बनवायची

प्रोजेक्ट स्क्रॅचवर शेअर केलेला असेल तर तीच लिंक सर्वात सोपी, हे पण सांगून ठेवतो, सगळ्यांना एक्स्पोर्टची गरज असतेच असं नाही. पण स्क्रॅचचं पान, कमेंट वगैरे काही नको, फक्त गेम हवा, तर दोन चांगल्या जागा आहेत.

इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर खातं काढा (खातं पालकांच्या नावाने काढा), नवीन प्रोजेक्टमध्ये प्रकार एचटीएमएल निवडा, आणि पॅकेजरमधून या वेळी झिपचा पर्याय घेऊन ती झिप न उघडता तशीच चढवा. 'धिस फाइल विल बी प्लेड इन द ब्राउझर' वर टिक करायला विसरू नका, ती टिक नसेल तर लोकांना नुसतं डाउनलोडचं बटण दिसतं. झिपच्या अगदी वरच्या पातळीवर इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल असायला हवी, पॅकेजर तशीच देतं, तुम्ही अनझिप करून फोल्डरसकट परत झिप केली की ती एक पातळी आत जाते आणि काही चालत नाही. स्टेजचा साइझ ४८० बाय ३६० असतो, एम्बेडच्या चौकटीला तेच किंवा त्याच्या पटीत ९६० बाय ७२० द्या.

दुसरी जागा गिटहब पेजेस, गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट. प्लेन एचटीएमएल फाइलचं नाव इंडेक्स ठेवून पब्लिक रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये) चढवा, सेटिंगमध्ये जाऊन पेजेस चालू करा, थोड्या वेळात लिंक मिळते. जाहिराती नाहीत, फुकट आहे, आठवी-नववीच्या मुलाला गिटहबची ओळख पण होते.

लिंकचा आणखी एक फायदा, मूळ गेममध्ये चूक सापडली तर नवी फाइल त्याच जागी टाकायची, पाठवलेली लिंक तीच राहते.

ईएक्सई

पॅकेजरमध्ये एन्व्हायर्नमेंट इलेक्ट्रॉन विंडोज निवडलं की झालं, पण आधी समजून घ्या हे काय आहे. इलेक्ट्रॉन म्हणजे सोबत एक अख्खा ब्राउझर बांधून देणं. त्यामुळे तुमचा गेम २ एमबीचा असला तरी झिप १०० एमबीच्या पुढे जाते. गेमचा वेग यामुळे वाढत नाही, आत तेच एचटीएमएल चालतं.

यात सगळ्यात जास्त होणारा गोंधळ म्हणजे झिपच्या आतूनच ईएक्सईवर डबलक्लिक. विंडोज झिप फोल्डरसारखी उघडून दाखवतं म्हणून फसायला होतं, ईएक्सई एकटीच कुठेतरी तात्पुरती निघते, शेजारच्या डीएलएल फाइल सापडत नाहीत, एरर. राईट क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', मग उघडलेल्या फोल्डरमधून चालवा. ती ईएक्सई उचलून डेस्कटॉपवर पण टाकू नका, शॉर्टकट बनवा.

मग विंडोजची निळी चौकट येईल, 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी'. फाइलवर डिजिटल सही नाही म्हणून ती येते, सही विकत घ्यावी लागते. 'मोर इन्फो' दाबून 'रन एनीवे'. स्वतः बनवलेल्या गेमला हे करायला हरकत नाही, पण मुलांना त्याच वेळी सांगा की अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलला हे बटण दाबायचं नाही. मॅकवर पण असाच अडथळा येतो, नव्या मॅकमध्ये सिस्टिम सेटिंगच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन 'ओपन एनीवे' करावं लागतं.

लॅबमध्ये विंडोज ७ असेल तर नवी इलेक्ट्रॉन ईएक्सई चालणार नाही, तिथे क्रोम उघडून प्लेन एचटीएमएल हाच रस्ता.

मोबाईल आणि एपीके

मोबाईलवर नेण्याआधी गेममध्येच बदल लागतो, फॉरमॅटचा प्रश्न नंतर. फोनला कीबोर्ड नाही, ॲरो कीवर चालणारा गेम फोनवर उघडेल पण हलणार नाही. तेव्हा स्क्रीनवर बटणं द्या. उजव्या बाणाचा एक स्प्राईट काढा, 'उजवीकडे' नावाचं व्हेरिएबल बनवा, आणि त्या बाणाच्या स्प्राईटला हा कोड द्या,

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
फॉरेव्हर
इफ (माऊस डाऊन) अँड (टचिंग माऊस-पॉइंटर) देन
सेट उजवीकडे टू १
एल्स
सेट उजवीकडे टू ०

मग खेळाडूच्या स्प्राईटमध्ये जिथे 'की राईट ॲरो प्रेस्ड' आहे तिथे 'ऑर' ब्लॉक टाकून दुसऱ्या खणात 'उजवीकडे = १' टाका. कीबोर्ड पण चालेल, बोट पण चालेल. दोन्ही अटी का? बोट उचललं तरी स्क्रॅचच्या मते पॉइंटर शेवटच्या जागीच असतो, नुसतं 'टचिंग' ठेवलं तर खेळाडू उजवीकडे पळतच सुटेल. आणि 'व्हेन धिस स्प्राईट क्लिक्ड' का नाही, तर तो एकदाच सुरू होतो, बोट दाबून धरलंय हे त्याला कळत नाही.

आणखी एक मर्यादा आहे, स्क्रॅचला एका वेळी एकच पॉइंटर कळतो. म्हणजे एक अंगठा चालायच्या बटणावर आणि दुसरा उडीच्या बटणावर, हे जमणार नाही. त्यामुळे फोनसाठी गेम असा वळवा की खेळाडू आपोआप धावतो आणि स्क्रीनवर कुठेही टॅप केलं की उडी, हे फोनवर खेळायलाही जास्त बरं वाटतं.

आता एपीके. पॅकेजर थेट एपीके देत नाही. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये रिकामा प्रोजेक्ट घेऊन, ॲसेट्स फोल्डरमध्ये आपली एचटीएमएल टाकून, वेबव्ह्यूमध्ये जावास्क्रिप्ट चालू करून ती उघडायची, असा रस्ता आहे. ज्यांना अँड्रॉइड स्टुडिओ येतं त्यांना हे अर्ध्या तासाचं काम, ज्यांना येत नाही त्यांनी यासाठी कित्येक जीबीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करू नये असं मला वाटतं. 'एका क्लिकमध्ये एपीके' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर मुलांचे प्रोजेक्ट देऊ नका, ते ॲपमध्ये काय घालतात ते आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा वरचं गिटहब पेजेस किंवा इचचं पान क्रोममध्ये उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून 'ॲड टू होम स्क्रीन', आयकॉन फोनवर आला, पोरगं खूश.

मुलाला मोबाईल ॲपच बनवायचे असतील तर एमआयटी ॲप इन्व्हेंटर बघा. ब्लॉक जोडायची पद्धत ओळखीचीच आहे, प्रोजेक्ट एआयए फाइलमध्ये सेव्ह होतो आणि बिल्ड मेनूतून सरळ एपीके मिळते. स्क्रॅचचा प्रोजेक्ट त्यात उघडत नाही, नव्याने बांधावा लागतो.

व्हिडिओ, चित्रं, प्रोजेक्ट वही

ॲनिमेशन किंवा गोष्ट असेल तर व्हिडिओच द्या. टर्बोवॉर्पच्या एडिटरमधल्या ॲडऑन्समध्ये (जादा सोयींमध्ये) प्रोजेक्टचा व्हिडिओ रेकॉर्ड करायची सोय आहे, ती चालू केली की वर मेनूपट्टीत रेकॉर्डचं बटण येतं आणि फक्त स्टेज रेकॉर्ड होतो, आजूबाजूचे ब्लॉक येत नाहीत. फाइल बहुतेक वेबएम येते, व्हॉट्सॲपसाठी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये एमपी४ करून घ्या. एवढं नको असेल तर विंडोजवर गेम फुलस्क्रीन करून विंडोज, ऑल्ट आणि आर एकत्र दाबा, गेम बार थेट एमपी४ करतं.

एकेक चित्र हवं असेल तर कॉस्च्यूमवर राईट क्लिक, 'एक्स्पोर्ट', एसव्हीजी किंवा पीएनजी मिळते. साऊंडवरही तसंच. स्प्राईटवर केलं तर एक स्प्राईट३ फाइल मिळते ज्यात त्याचे ब्लॉक, कॉस्च्यूम, आवाज सगळं असतं, दोन मित्र मिळून गेम करत असतील तर एकाचा राक्षस दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये न्यायला हेच वापरा. लिस्ट स्टेजवर दिसत असेल तर तिच्यावर राईट क्लिक करून टेक्स्ट फाइल काढता येते, एका ओळीत एक नोंद, सर्व्हेचा प्रोजेक्ट असेल तर ती एक्सेलमध्ये टाकून आलेख काढा.

शाळेच्या वहीत कोड चिकटवायचा असतो तेव्हा लोक मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढतात, त्यावर रेषा येतात, वाचता येत नाही. स्क्रॅच ॲडऑन्स हे ब्राउझर एक्स्टेन्शन टाकलं की ब्लॉक चित्र म्हणून सेव्ह करता येतात, लांब स्क्रिप्ट असली तरी पूर्ण येते, प्रिंटला एकदम स्वच्छ.

श्रेय

स्क्रॅचवर शेअर केलेले प्रोजेक्ट सीसी बाय-एसए २.० लायसन्सखाली असतात. म्हणजे दुसऱ्याचा गेम रिमिक्स करून (त्यात आपले बदल करून) बाहेर काढलात तर मूळ करणाऱ्याचं नाव द्यायचं आणि आपलंही त्याच अटींवर ठेवायचं. स्क्रॅचवर रिमिक्सचं श्रेय पानावर आपोआप दिसतं, एचटीएमएल-ईएक्सईमध्ये ते गळून पडतं, म्हणून गेमच्या शेवटी एक बॅकड्रॉप करून स्वतः नावं लिहा. स्क्रॅचचं मांजर आणि लोगो हे ट्रेडमार्क आहेत, घरच्यांना पाठवायला काही अडचण नाही, पण इच किंवा प्ले स्टोअरवर स्वतःचा गेम म्हणून टाकताना आयकॉनवर आणि गेममध्ये आपलं स्वतःचं चित्र काढा.

खऱ्या कोडमध्ये बदलायचं असेल तर

मोठी मुलं विचारतात की याचा पायथन किंवा जावास्क्रिप्ट कोड मिळेल का. पॅकेजरमधून निघालेल्या एचटीएमएलमध्ये माणसाने वाचण्यासारखा कोड नसतो, ती फोडत बसू नका. लेपर्ड नावाचं टूल आहे, लेपर्डजेएस डॉट कॉम, ते एसबी३ घेऊन वाचता येईल असं जावास्क्रिप्ट देतं, प्रत्येक स्प्राईटचा वेगळा क्लास, ब्लॉकची नावं ओळखू येतील अशी. मोठा गेम टाकू नका, गोंधळून जाल. एक स्प्राईट, एक 'फॉरेव्हर', दोन 'इफ' एवढाच प्रोजेक्ट करा, तो त्यात टाका, आणि एका बाजूला ब्लॉक, दुसऱ्या बाजूला कोड ठेवून मुलाला ओळीमागून ओळ जुळवायला लावा. मग कोडमधला वेगाचा आकडा बदलून चालवायला सांगा.